दवाखान्यात न विचारलेले प्रश्न

मागील अंकात रजोनिवृत्तीविषयी लिहिताना, पाळी गेल्यानंतरही पतिपत्नींचे शरीरसंबंध सुखाचे राहू शकतात, असे एक वाक्य मी सहज लिहून गेले, आणि त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या संपूर्ण लेखावर मिळून आली नाहीत. पत्रलेखक बहुतेक साठीच्या आसपासचे किंवा पुढचे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी एकच गोष्ट लिहिली आहे: आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हे सांगितलेले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले, तेव्हाही वाचक असे प्रश्न पत्रानेच विचारीत असत. शंभर वर्षे होत आली, तरी पाकीट बंद करून विचारण्याची आपली सवय काही सुटलेली नाही. याचा दोष मी केवळ रुग्णांना देणार नाही. साखर, रक्तदाब, झोप आणि पोट साफ होते की नाही, इथपर्यंत सर्व चौकशी करणारे आम्ही डॉक्टर हा एक प्रश्न तेवढा गाळतो, आणि मीही व्यवसायाच्या पहिल्या कित्येक वर्षांत तो गाळतच होते. काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे वय ६१, यजमानांचे ६६. पाळी जाऊन अकरा वर्षे झाली. गेली तीन-चार वर्षे संबंधाच्या वेळी आग होते, कधी चिरल्यासारखे दुखते, आणि दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. मी निमित्ते काढून टाळते. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, सगळे उपवास करून झाले. यजमानांना वाटते की माझे मन उडाले आहे. जाऊबाई म्हणतात, आता हे वय जपमाळ ओढण्याचे. खोबरेल तेल लावून पाहिले, थोडा फरक पडला. ते सुरक्षित आहे का, आणि यावर खरोखरच काही औषध असते का?

उत्तर : औषध आहे, आणि ते इतके साधे आहे की आपण चार वर्षे उपवासांवर काढली याचेच वाईट वाटते. पाळी गेल्यावर अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन कमी होते आणि त्याच्याच आधाराने जाड, लवचिक व ओलसर राहणारे योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे पडू लागते. तरुणपणी योनीत आम्लता टिकवून ठेवणारे उपकारक जंतू असतात. अस्तर पातळ झाले की त्यांची संख्या घटते आणि अपायकारक जंतूंना वाव मिळतो. मूत्रमार्गाचे अस्तरही याच इस्ट्रोजेनवर पोसलेले असते, त्यामुळे संबंधाच्या वेळची आग आणि दुसऱ्या दिवशीची लघवीची जळजळ ही आपल्याला वाटतात तशी दोन दुखणी नसून एकाच दुखण्याच्या दोन शाखा आहेत. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा बहुतेक स्त्रियांमध्ये काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हा कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो, म्हणून ‘सहन केले की जाईल’ हा हिशेब येथे लागू पडत नाही.

उपचारांच्या पायऱ्या आहेत. संबंधाच्या वेळी घर्षण कमी करण्यासाठी पाण्याचा अंश असलेले जेल औषधांच्या दुकानात, बहुधा निरोधाच्या पाकिटांशेजारीच, मिळते. याखेरीज आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो वा नसो, आत लावावयाची ओलावा टिकवणारी जेलही असतात. चेहऱ्याला क्रीम लावावे तसाच हा प्रकार समजावा. खोबरेल तेल बहुतेकींना बाधत नाही, परंतु काहींना त्याने खाज सुटते, आणि निरोध वापरत असल्यास ते मुळीच चालणार नाही, कारण तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते. एवढ्याने भागले नाही तर इस्ट्रोजेनचे योनीत लावावयाचे मलम हा खरा उपाय आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यावे. प्रथम दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो, आणि पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. त्याने वरचेवर होणारा लघवीचा संसर्गही कमी होतो. ‘हार्मोन’ हा शब्द ऐकून अनेकजणी घाबरतात, परंतु या मलमातून रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असते आणि पोटात घ्यावयाच्या हार्मोनच्या गोळ्यांशी त्याची गल्लत करू नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मलम सुरू करण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी असा माझा आग्रह आहे, कारण बाह्य भागावर पांढरे चट्टे उठून सतत खाज येणे हा वेगळा आजार असतो आणि त्याचे औषध वेगळे असते. अंग बाहेर येत असेल, म्हणजे खोकताना किंवा उकिडवे बसताना खाली गोळा हाताला लागत असेल, तर तेही त्याच वेळी सांगावे. त्यावर शस्त्रक्रिया हा एकच उपाय नाही, आत बसवावयाच्या रबरी किंवा सिलिकॉनच्या कडीनेही अनेकींचे चांगले चालते, आणि ती कडी काढून पुन्हा बसवायला शिकता येते.

राहिला प्रश्न यजमानांचा. मन उडालेले नाही, दुखते म्हणून टाळते, एवढे एक वाक्य त्यांना सांगावे. उपवासाचे कारण ऐकून जो नवरा चार वर्षे गप्प राहिला, तो दुखण्याचे कारण ऐकून नक्कीच समजून घेईल. मलमाचा गुण येईपर्यंत प्रवेशाचा आग्रह दोघांनीही धरू नये. जवळीक, स्पर्श, एकत्र झोपणे यांना कशाची वाट पाहावी लागत नाही. जाऊबाईंना जपमाळ ओढायची असेल तर अवश्य ओढू द्यावी.

प्रश्न : वय ६७, निवृत्त शिक्षक. मधुमेह चौदा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी खिशात बाळगायला सांगितली आहे. ताठरता पाच-सहा वर्षांपासून कमी होत गेली आणि आता जवळजवळ नाहीच. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळातील एका मित्राने ‘ती’ निळी गोळी दिली आहे, दुसऱ्याने आयुर्वेदिक कॅप्सूल सुचवली आहे. घेऊ का? आणखी एक, नुकतीच मधुमेहाची गोळी बदलल्यापासून लिंगाच्या पुढच्या त्वचेला खाज आणि लाली येते आहे.

उत्तर : मित्राने दिलेली गोळी घेऊ नका. हे वाक्य इतक्या स्पष्टपणे लिहिण्याचे कारण आपल्या खिशातच आहे. निळी गोळी म्हणजे सिल्डेनाफिल. मुळात ते हृदयाच्या कळेवरचे औषध म्हणून तपासले जात होते, आणि १९९८ साली अमेरिकेत ताठरतेसाठी मान्य झाले. सॉर्बिट्रेट नायट्रेट गटातील औषध आहे. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. सिल्डेनाफिलही याच वाटेने काम करते, फक्त ते सैलावण्याची क्रिया लवकर थांबू देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तवाहिन्या इतक्या सैल पडतात की रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि त्याच जातीचे, अधिक काळ टिकणारे टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. म्हणजे गोळी घेतलेल्या रात्री छातीत दुखले तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही, थेट रुग्णालयात जायचे, आणि तेथे पोचल्यावर संकोच न करता पहिल्या वाक्यात सांगायचे की आज मी ही गोळी घेतली आहे. हे वाक्य न सांगितल्यामुळे वाचवणाऱ्याच्याच हातून घात होऊ शकतो. आपल्या पत्नीलाही हे ठाऊक असले पाहिजे. लपवून घेतलेली गोळी म्हणून मला सर्वांत धोक्याची वाटते.

म्हणून आपल्याला उपचार नाहीत असे समजू नये. खिशातील सॉर्बिट्रेट अनेकदा केवळ खबरदारी म्हणून दिलेली असते आणि वर्षभरात तिला हातही लागलेला नसतो. अँजिओप्लास्टीनंतर छातीत दुखत नसेल, तर तिची गरज आता आहे का, याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ घेऊ शकतात, आणि ती बंद करता आली तर सिल्डेनाफिलचा मार्ग मोकळा होऊ शकतो. पासष्टीपुढच्या रुग्णाला सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. गोळी संबंधापूर्वी सुमारे तासभर आधी घ्यावी. पुरणपोळी आणि तुपाच्या जेवणावर घेतली तर गुण यायला बराच उशीर लागतो, आणि मग लोक ‘लागू पडत नाही’ म्हणून दुसरी घेतात, ते करू नये. इच्छा आणि स्पर्श यांच्याशिवाय ती काम करत नाही, हेही ठाऊक असावे. गोळी चालणारच नसेल तर निर्वात पंप आणि लिंगात घ्यावयाचे इंजेक्शन हे पर्याय मूत्ररोगतज्ज्ञ समजावून सांगतील.

शरीरसंबंधाचे श्रम हृदयाला झेपतील का, ही आपली न लिहिलेली शंका मी गृहीत धरते. दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने सलग चढता येत असतील तर नेहमीच्या जोडीदाराबरोबरचा संबंध सामान्यतः झेपतो.

आता आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील. ताठरता पाच-सहा वर्षांपासून कमी होत गेली आणि अँजिओप्लास्टी गेल्या वर्षी झाली, असे आपण लिहिले आहे. लिंगाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचे थर दोन्हीकडे साचत असले तरी अरुंद नळी आधी तुंबते. त्यामुळे हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या दोन-पाच वर्षे आधी ताठरता कमी होणे हे अनेक पुरुषांमध्ये दिसते. आपण तेव्हाच ही गोष्ट कोणाला सांगितली असती, तर कोलेस्टेरॉल, साखर आणि हृदयाची तपासणी कदाचित वेळेत झाली असती. आपल्याला रुखरुख लागावी म्हणून हे लिहिलेले नाही. आपल्या फिरण्याच्या मंडळात जे पन्नाशी-पंचावन्नचे आहेत आणि गुपचूप गोळी घेतात, त्यांना हे अवश्य सांगावे.

आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘शक्तिवर्धक’ कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलच मिसळलेले अनेक देशांतील औषध-तपासण्यांत वारंवार आढळले आहे. ती निरुपद्रवी समजून सॉर्बिट्रेटबरोबर घेतली तर परिणाम तोच. आणि खाजेबद्दल: ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, त्या मधुमेहाच्या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळ्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला हितकारक आहेत, पण गोड लघवीचा थेंब त्वचेखाली राहिला की बुरशी वाढते. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडे करावे, बुरशीनाशक मलम डॉक्टरांकडून घ्यावे, आणि गोळी मनानेच बंद न करता त्यांना सांगावे. पत्नीलाही खाज असल्यास दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

प्रश्न : वय ६४. पाळी जाऊन बारा वर्षे झाली. मागच्या महिन्यात संबंधानंतर दोनदा रक्ताचे डाग दिसले. दुखत नाही. नंतर थांबले. उष्णतेमुळे असेल का?

उत्तर : उष्णतेमुळे नसते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला एक डागही तपासावाच लागतो, तो थांबला असला तरी आणि दुखत नसले तरी. दहातील नऊजणींच्या बाबतीत कारण साधे, म्हणजे वर सांगितलेला कोरडेपणा किंवा लहानसा मांसाचा कोंब, असेच निघते. उरलेल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो आणि तो लवकर सापडला तर बहुधा पूर्ण बरा होतो. सोनोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि गरज पडल्यास अस्तराचा नमुना, एवढेच करावे लागते. हा अंक हाती पडेल त्याच आठवड्यात जावे.

प्रश्न : मॅडम, मी आशा कार्यकर्ती आहे. माझे आईवडील पंचवीस वर्षे ऊसतोडीला जात होते. आईची पिशवी तिच्या बत्तिसाव्या वर्षीच काढली. अंगावरून पांढरे जाते म्हणून दाखवायला गेली होती, तर कॅन्सर होईल असे सांगून ऑपरेशन केले. आता ती ५६ वर्षांची आहे. कंबर, सांधे दुखतात, आग होते. ती म्हणते, पिशवी काढली तेव्हाच बाई संपली. आबा वेगळे झोपतात. लेकीने हे विचारावे की नाही, कळत नाही.

उत्तर : विचारले हे फार चांगले केले. कोयत्यावर जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्या जाण्याचा प्रश्न बीड जिल्ह्यातून पुढे आला आणि २०१९ साली राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, खाडा पडला तर पैसे कापले जाणार, फडात पाणी नाही, आडोसा नाही, अशा स्थितीत पाळीच नको असे बाईला वाटावे, यात नवल नाही; पण अंगावरून पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे, ते बहुतेक वेळा औषधाने बरे होते. त्या वेळी गरज नसता भीती घातली गेली असेल, तर त्यात आपल्या आईची काही चूक नाही.

पिशवी काढल्याने बाई संपत नाही. गर्भाशय नसले की पाळी आणि गर्भ राहत नाही. योनी, तिची संवेदना आणि शरीरसुख राहते. घोटाळा होतो तो पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर. मग बत्तिसाव्या वर्षीच इस्ट्रोजेन एकाएकी थांबते, आणि पन्नाशीत व्हायचे ते सारे वीस वर्षे आधी सुरू होते: कोरडेपणा, हाडांची झीज, हृदयविकाराचा वाढता धोका. त्यामुळे आईचे ऑपरेशनचे कागद शोधावेत आणि अंडाशये काढली का, ते पाहावे. कागद नसतील तर सोनोग्राफीने अंदाज येतो. अशा स्त्रीला वयाच्या पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्यायला हव्या होत्या. आता ५६व्या वर्षी त्या सुरू कराव्यात का, हे स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून ठरवतील. योनीत लावावयाचे मलम मात्र आताही उपयोगी पडेल. हाडांची घनता मोजून घ्यावी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहावे. आबांशी हे कोणी बोलावे, असा प्रश्न असेल तर जावयाने किंवा आरोग्य केंद्रातील पुरुष कर्मचाऱ्याने बोलणे लेकीने बोलण्यापेक्षा सोपे जाईल. बोलायचे एवढेच की तिला आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

प्रश्न : प्रोस्टेटचे दुर्बिणीने ऑपरेशन झाल्यापासून सुखाची जाणीव होते, पण वीर्य बाहेर येत नाही. काही अपाय?

उत्तर : अपाय नाही. ऑपरेशननंतर मूत्राशयाचे तोंड पूर्वीसारखे मिटत नाही, म्हणून वीर्य मागे मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीबरोबर निघून जाते. त्या वेळची लघवी गढूळ दिसते. बहुतेकांना असे होते आणि ते ऑपरेशनपूर्वी सांगितले जायला हवे होते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी अजून चालू असेल तर ताठरतेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन्हींनी उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा विधुर. ज्येष्ठ नागरिक संघातील ५९ वर्षांच्या एका विधवा बाईंशी गेले वर्षभर मैत्री आहे, आणि आता आम्ही एकत्र राहण्याचा विचार करतो आहोत. मुलांनी कुरकुर करून शेवटी मान्यता दिली. या वयात मूल होण्याचा प्रश्न नाही, मग निरोध कशाला, असे मला वाटते. त्यांना मात्र तपासण्या हव्या आहेत. मला तो अविश्वास वाटला.

उत्तर : मला तो शहाणपणा वाटला. निरोध मूल टाळण्यासाठी असतो, ही आपल्या पिढीची समजूत कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणातून आलेली आहे. त्याचे दुसरे काम संसर्ग अडवण्याचे आहे आणि संसर्गाला वय कळत नाही. उलट पाळी गेलेल्या स्त्रीचे अस्तर पातळ असल्याने तिला बारीक जखमा लवकर होतात आणि जंतूंना शिरकाव सोपा जातो. एचआयव्ही, गरमी (सिफिलिस) आणि कावीळ ब हे तिन्ही रोग वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय अंगात राहू शकतात. आपल्या दोघांचेही दीर्घ वैवाहिक आयुष्य झाले आहे. आपण एकनिष्ठ होतात हे आपल्याला ठाऊक, पण जोडीदाराच्या आयुष्यातील प्रत्येक गोष्ट, रक्त चढवण्यासारखी निर्दोष गोष्टसुद्धा, कोणाला ठाऊक असते?

एचआयव्हीची तपासणी जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रात विनामूल्य होते. २०१७च्या कायद्याने ती संमतीनेच करावी लागते आणि निकाल गोपनीय ठेवावा लागतो. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. त्याबरोबर गरमीसाठी रक्ततपासणी आणि कावीळ ब व क या चाचण्या दोघांनी एकत्रच कराव्यात. अलीकडे कोणाशी संबंध आला असेल तर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी पुन्हा करून घ्यावी आणि तोवर निरोध वापरावा. निरोधाने ताठरता जाते अशी तक्रार या वयात खरी असते. त्यासाठी आधी सवय करून पाहावी किंवा स्त्रियांसाठीचा निरोध वापरावा. पाण्याचे जेल बरोबर ठेवायचेच.

प्रश्न : दीड खोलीचे घर, मुलगा-सून आतल्या खोलीत, आणि सात वर्षांचा नातू आम्हा दोघांच्या मध्ये झोपतो. आम्ही दोघेही निरोगी आहोत. सूनबाईंना काय सांगणार?

उत्तर : सूनबाईंना काहीही सांगू नये. नातू शाळेत आणि मुलगा-सून कामावर असताना दुपारचे तीन-चार तास घर आपलेच असते, आणि वैद्यकीयदृष्ट्याही ती वेळ रात्रीपेक्षा बरी: सकाळच्या चालण्याने सांधे मोकळे झालेले असतात, आणि शरीर थकलेले नसते. गुडघे दुखत असतील तर कुशीवर झोपून, खाली उशी घेऊन संबंध सोपा जातो, आणि डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली असल्यास ती अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. जेवण हलके असावे, दाराला आतून कडी घालावी, आणि त्या वेळी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तासभर उशिरा यायला सांगावे.